मधेच थांबलेला निरोप

सोनईहून नगरला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, एवढा मोठा की त्याचे पाय माझ्या गुडघ्यांना लागत होते. ती सारखी त्याच्या पोटऱ्या चोळत होती.

“ह्या पोटऱ्या बघून लोक म्हनत्यात, पोर गुटगुटीत हाय. पन त्याला उभंच ऱ्हाता येत न्हाई.”

माझ्या हातातल्या कॉलेजच्या पुस्तकातलं पेशीचं चित्र पाहून तिने विचारलं, “डॉक्टर असंच कायतरी काढून दाखवत हुते. काय असतं गं ते?”

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कुणाला काही समजावून सांगायची सवय नव्हती. अडखळत सांगितलं, की पेशीत एक निरोप येतो. तो तीन-तीन अक्षरांनी वाचत एकेक कडी जोडली जाते आणि प्रथिन तयार होतं. निरोपात मधेच ‘थांबा’ आलं, तर काम तिथंच थांबतं आणि स्नायूंना लागणारं प्रथिन अर्धवट राहतं.

“वाचनाऱ्याला चूक कळत न्हाई?”

“नाही. आलं तसं जोडत जायचं, एवढंच त्याचं काम.”

तिचा हात थांबला. “डॉक्टर म्हनले, ह्ये आईकडून आलंय. तवापासून सासू माझ्या हातचं पानी पीत न्हाई. मी तरी काय केलं? मला आलं ते फुडं दिलं.”

“ताई, यात तुमचा दोष नाही,” मी म्हणाले.

“व्हय. पन घरी ह्ये मी सांगितलं तर कोन ऐकंल?”

मग नगर येईपर्यंत ती पोटऱ्या चोळत राहिली.