मामांनी आडवा धरलेला पुठ्ठा

मारुतीमामा गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सुनंदानं, फोनवर कळवलं. मी ‘बरं’ म्हणालो. तेराव्याला येतो, एवढं सांगून फोन ठेवला.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायचो आणि मामा, सगळेच त्यांना मामा म्हणत, तिथल्या प्रयोगशाळेत सेवक होते. मूळचे माढ्याचे. आधी सूतगिरणीत तुटलेले धागे जोडायचे. तीच बोटं आमच्याकडे काचेच्या नळ्यांच्या कामी आली. पंपाच्या आवाजावरून ते गळती ओळखत आणि मेण लावून सांधा बुजवत. उन्हाळ्यात ते मेण पाघळायचं, मग मामा नळीला ओल्या फडक्यानं वारा घालत बसायचे, आजारी माणसाला घालावा तसा.

मला तेव्हा एका कल्पनेनं झपाटलं होतं. कणांना वेग देणारी यंत्रं अवाढव्य असतात. ते काम लेसरच्या प्रकाशाकडून करून घेता आलं तर? निर्वात नळीतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा, त्याच रेषेत लेसरचा लाल किरण, आणि झोत पडद्यावर आदळतो तिथला हिरवा ठिपका हलतो का ते पाहायचं. लेसर उसना आणलेला. दोन्ही झोत एका रेषेत आणायला आम्हाला चार महिने लागले. एके दिवशी लेसर लावताच ठिपका सरकला. मी मामांना मिठीच मारली.

पुण्याहून एक ज्येष्ठ प्राध्यापक प्रयोग बघायला आले. त्यांना पटलं असतं तर मोठ्या संस्थेत माझी संशोधनाची सोय होणार होती. ठिपका सरकला, पाहुणे वाकून बघू लागले. तेवढ्यात मामांनी हजेरीपटाचा पुठ्ठा लेसरसमोर आडवा धरला.

“सर, उजेड अडवला तरी ठिपका माघारी येत न्हाय की.”

पाहुण्यांनी लेसरला वीज पुरवणारी पेटी हातभर लांब सरकवली. ठिपका मुकाट जागेवर आला. तो प्रकाशानं हललाच नव्हता, पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वानं हलला होता. पाहुणे चहा घेऊन गेले.

मी मामांवर चिडलो. निदान पाहुणे गेल्यावर सांगायचं होतं, म्हणालो.

“पाहुणं गेल्यावर तुमी कुणाला सांगितलं असतं का, सर?”

आठ दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांनी मात्र लांब वायरी ओढून पेटी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवली आणि म्हणाले, आता बघू. पुन्हा पाहिलं. ठिपका जराही हलला नाही. तसं पुण्याला लिहून टाकलं. पत्राचं उत्तर आलं नाही. मी सोलापुरातच राहिलो, आणि पुढं मामांशिवाय एकही प्रयोग मांडला नाही.

तेराव्याला माढ्याला गेलो. मामांच्या खोलीत खुंटीवर कॉलेजचा खाकी कोट अजून होता, कोपरावर मेणाचा डाग तसाच. सुनंदानं जमलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिली: “हेच ते सर. आमचे आण्णा सगळ्यांना सांगायचे, पुण्याच्या पाहुण्यांसमोर आमच्या सरांनी सोताची चूक सोताच दाखवली, लई मोठ्या मनाचा माणूस.”

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी त्या कोटाकडे बघितलं… आणि पाहुणे उठायच्या आत सांगितलं, पुठ्ठा कुणी धरला होता ते.