खंडेनवमीला फिरलेली मुळं

आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, फ्रीजला झेंडूचा हार आणि बंद पडलेल्या सेंट्रिफ्यूजला सगळ्यात मोठा हार, कारण त्याला दुसरं काही कामच नाही. त्या वर्षी माझी पीएच.डी.ची मुदत संपत आली होती. दसऱ्यानंतर कमिटी बसणार होती. हाती धड काही नसेल तर नोंदणी रद्द, आणि मी घरी.

माझं काम मुळांवर. मुळाच्या पेशीत पातळ पडद्याच्या इवल्या पिशव्या असतात. त्या माल भरून घेतात आणि पेशीच्या ठरावीक बाजूलाच नेऊन रिकाम्या होतात. औरंगपुऱ्यातल्या रिक्षावाल्यांपेक्षा त्यांना पत्ता बरा कळतो. रोप आडवं केलं की त्या माल खालच्या बाजूला वळवतात, वाढीचं संप्रेरक तिकडं साचतं, तिकडची वाढ मंदावते आणि मूळ खाली वळतं. माझ्याकडं दोन प्रकारची रोपं होती, धडधाकट आणि पिशव्यांची वाहतूक बिघडलेली. ती मी जेली भरलेल्या चपट्या, पारदर्शक प्लेटांमध्ये वाढवायचे. उभ्या प्लेटमध्ये दोन्हींची मुळं सारखीच सरळ वाढायची. म्हणून मी माझ्या गाईड सरांच्या मागं लागले होते, प्लेट आडवी फिरवून बघू.

"अगं, सरळ चाललंय ना? कशाला वाकड्यात शिरतेस?" सर म्हणायचे. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

पूजेच्या दिवशी मी क्रांती चौकात पेढे आणायला गेले होते. इकडं सरांना विभागाच्या ग्रुपवर टाकायला फोटो हवा होता आणि माझ्या प्लेटांवर लिहिलेली अक्षरं आडवी पडलेली दिसत होती. सरांनी स्वतःच्या हातानं एकेक प्लेट फिरवून अक्षरं सरळ केली आणि फोटो काढला. मग पेढे वाटून प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

दसऱ्यानंतर दार उघडलं तर धडधाकट रोपांची मुळं काटकोनात खाली वळलेली. ग्रुपवरचा फोटो बघून मला उलगडा झाला आणि मी सरांना मनातल्या मनात सणसणीत शिव्या घातल्या. मग बिघडलेल्या रोपांकडं लक्ष गेलं. ती खुशाल आडवीच चालली होती, जणू त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी तिथंच फरशीवर बसकण मारली. हाच फरक मी इतके दिवस शोधत होते.

कमिटीसमोर फोटो लावले. अध्यक्षबाई खूश.

"हे लई छान झालं. प्लेटा फिरवायचं कुणाला सुचलं?"

"फिरवल्या मीच," सर म्हणाले.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून मी आणखीच जळले.

"किती तासांनी वळली?" बाईंनी सरांनाच विचारलं.

सर माझ्याकडं बघायला लागले.

"माहीत नाही, मॅडम," मी म्हणाले. "सरांनी फोटोसाठी फिरवल्या आणि नंतर कुलूप होतं. नीट मोजायला मला अजून एक वर्ष पाहिजे."

खोलीत हशा पिकला. सरांचे कान लाल झाले. वर्ष मिळालं.

दुसऱ्या दिवशी सर नव्या प्लेटा घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"कुठल्या बाजूला फिरवू?" त्यांनी विचारलं.