ब्लॉकवरची तीन अक्षरं

शहापुरात माझ्या वडिलांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री जुन्या जिपा दुरुस्त करतात. मी त्यांना काका म्हणते. कॉलेज संपल्यावर वर्षभर मी दुकानात बसत होते. तिथल्या माझ्या एकाच कामाबद्दल वडील चारचौघांत कौतुकाने बोलायचे. जुन्या गाडीत कुठलं इंजिन आहे आणि त्याची ताकद किती, हे मी नेटवरून काढून द्यायचे. एकाच मॉडेलच्या जिपेत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं आलेली असतात. बाहेरून ती सारखीच दिसतात, पण इंजिनावर ठोकलेल्या नंबरच्या पहिल्या तीन अक्षरांवरून ओळखता येतात.

“इंग्लिश मीडियमची आहे,” वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि मी स्क्रीनकडे बघत राहायचे. मी काउंटर सोडून सहसा उठत नसे. आरसी बुक मागायचं, नंबर टाकायचा, उत्तर सांगायचं. शेडमध्ये नेहमी चार-पाच पुरुष उभे असत. तिथे मी जात नसे.

काकांचा कागदावर विश्वास नव्हता. इंजिन गेलं की दुसऱ्या जिपेचं काढून बसवायचं आणि कागद तसाच ठेवायचा, हे आमच्याकडे इतकं चालतं की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणून काका इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचा लोखंडी सांगाडा, तारेच्या ब्रशने घासायचे, फडक्याने पुसायचे आणि ठोकलेल्या नंबरवर खडू फिरवायचे. खोल अक्षरांत खडू बसला की नंबर पांढरा उठून दिसायचा. आकडे त्यांना वाचता येत, इंग्रजी अक्षरं मात्र येत नसत.

त्या दिवशी मुरबाडकडच्या एका पाड्यावरचा माणूस आला. इतकी वर्षं तो दुसऱ्यांचे टेम्पो चालवत होता. आता स्वतःची गाडी घ्यायची होती, पाड्यावरची पहिलीच. पसंत केलेली जुनी जीप तो मालकाकडून दाखवायला घेऊन आला होता. एका बागायतदाराने त्याला भेंडीच्या ट्रिपा कबूल केल्या होत्या. नदीकाठच्या मळ्यातून क्रेट भरायचे आणि डांबरी रस्त्यापर्यंतचा उभा चढ चढून कल्याणला न्यायचे. गाडीने तो चढ भरल्या मालाने ओढला, तरच ट्रिपा त्याच्या.

मी आरसी बुकावरून सांगितलं, “मोठं इंजिन आहे. बहात्तर हॉर्सपावर.”

“बहात्तर!” तो काकांकडे वळून हसला. “मिस्त्री, बैलाच्या किती जोड्या झाल्या?”

काका हसले नाहीत. “आवाज तसा वाटत नाय मला. थांब जरा.” त्यांनी ब्लॉक घासला, खडू लावला आणि मला हाक मारली. “ताई, इकडं या गो जरा. एबीसीडी तुमची.”

मी गेले. नंबर एक्झॉस्टच्या पाइपाखाली होता. वाचायचा तर मडगार्डवर पोट टेकवून आत वाकावं लागणार होतं. दोन बाजूंना माणसं उभी होती. त्यातला एक जण म्हणाला, “ताईंना जागा द्या रे, ड्रेस खराब होईल.” सगळे हसले. त्यात वाईट असं काही नव्हतं. पण माझे कान तापले. मी हातभर अंतरावरून मान तिरकी केली. पांढरं काहीतरी दिसलं, अक्षरं दिसली नाहीत.

“हो, तेच आहे,” मी म्हणाले आणि काउंटरवर परत आले.

त्याने जीप घेतली.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, दुपारी. दुकानात न येता सरळ शेडमध्ये गेला. गाडी चढावर अर्ध्यात थांबत होती. क्रेट उतरवून, गाडी वर नेऊन, मग क्रेट डोक्यावरून वर न्यावे लागत होते. त्याच्या पुतण्याने ब्लॉकचा फोटो काढून अक्षरं जुळवली होती. ती आरसी बुकातली नव्हती. आत लहान इंजिन होतं, अठ्ठावन्नचं.

“तुमी खडू लावून बगितला होता ना?” तो काकांवर ओरडत होता. “का खडू फक्त लावायलाच ठेवलाय? तुमच्या शब्दावर गाडी घेतली मी!”

मी काउंटरमागे उभी होते. मधे फक्त पत्रा.

काकांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, “माझीच नजर चुकली.”

मला तेव्हा चार पावलं चालायची होती, एवढंच. मी बिलबुकाचे कोपरे सारखे करत राहिले. काकांनी त्या दिवशी डिझेल पंपाची सेटिंग बदलून पाहिली, पण लहान इंजिन ते लहानच. संध्याकाळी चहाचा कप ठेवायला ते दुकानात आले, तेव्हा माझ्याकडे न बघता “येतो,” म्हणाले. रोज तेवढंच म्हणायचे. पुढचे तीन दिवस मी त्यांच्या “येतो”मध्ये काहीतरी शोधत होते.

चौथ्या दिवशी मी स्कूटी घेऊन पाड्यावर गेले. घरी सांगितलं नव्हतं. तो मळ्याच्या बांधावर क्रेट भरत होता. मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली.

“तो नंबर मी वाचलाच नव्हता,” मी म्हणाले. “काकांची चूक नाही.”

त्याने हातातला क्रेट खाली ठेवला. “ठाऊक हाय मला. मी तिथंच होतो ना. तुमी वाकलाच नाय.”

“मग काकांना का बोललात?”

“तुमाला कसं बोलनार? दुकानाच्या मालकाची पोर तुमी.” त्याने डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. “मिस्त्रीला बोलता येतं. तो आपल्यातला.”

मग तो म्हणाला, “आता आलाच हाय, तर एक काम करा. बागायतदार बोलतो, मी जड माल नको म्हनून बहाने करतो. ट्रिपा काढून घेनार बोलतो. हिच्यात इंजिन कुठलं, ताकद किती, लिहून द्या मला.”

त्याने बॉनेट उघडलं, मी आत वाकून नंबर वाचला आणि स्कूटीच्या सीटवर वही ठेवून लिहिलं. नंबर, अक्षरं, अठ्ठावन्न हॉर्सपावर. खाली लिहिलं, “गाडी घेताना तपासणीत चूक झाली होती.” त्याने एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं.

“चूक झाली. कोनाकडून?”

मी वही परत घेतली. मळ्यातल्या दोन बाया तोडणी थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मी लिहिलं की नंबर वाचायला मला बोलावलं होतं, मी वाचला नाही आणि वाचला म्हणून सांगितलं, मिस्त्रींचा यात दोष नाही. खाली नाव आणि दुकानाचा पत्ता. लिहायला फार तर दोन मिनिटं लागली असतील.

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. गाडीतले वरच्या थराचे क्रेट उतरवायला लागला. मी एक धरला, तर म्हणाला, “र्‍हाऊ द्या, ताई.”

कागद बघून बागायतदाराने त्याला ठेवलं, पण अर्ध्या मालापुरतं. उरलेला माल आता मुरबाडचा एक टेम्पो नेतो.