गायकवाडांच्या बागा

लीलाबाई गायकवाड भांडखोर बाई नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर त्या इटलीच्या सहलीनंतर सिंगापुरातल्या चार मराठी घरांत जी कुजबुज झाली, ती ऐकून कुणाचाही तसाच समज व्हायचा. बारा वर्षं तिथल्या यिशुन भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांनी नात सांभाळली, सुनेवर एकदाही आवाज चढवला नाही, शेजारच्या चिनी आजीशी नुसत्या खाणाखुणांवर मैत्री जमवली. बाई मुकाट्याने सगळं सोसते, म्हणून खोटंही सोसेल, असं मुलाने गृहीत धरलं. तिथेच त्याचं चुकलं.

मुलगा उज्ज्वल. इंजिनिअर. निफाडकडच्या एका खेड्यातून स्कॉलरशिपवर शिकत शिकत इथवर आलेला. सिंगापूरच्या पहिल्याच वर्षी एका स्नेहसंमेलनात प्रबोध नावाच्या बँकवाल्याने त्याला विचारलं, "गायकवाड? निफाडकडचे? मग द्राक्षाच्या बागा असतील घरच्या!" आपल्या लोकांची ही जुनी खोड. आडनाव आणि गाव कळलं की समोरच्याची जमीन, जात, सोयरीक सगळं मनातल्या मनात मांडून मोकळे! आता गायकवाड मराठ्यांतही असतात आणि बौद्धांतही. पण बागा म्हटल्यावर प्रबोधने काय धरलं असेल ते उज्ज्वलला बरोबर कळलं. तो हसला आणि म्हणाला, "हो, आहेत थोड्या."

झालं! बारा वर्षांत त्या थोड्या बागा वीस एकरांवर गेल्या. मग विहीर आली, बंगला आला, दारात ट्रॅक्टर आला. प्रबोध आणि त्याची बायको नीता जेवायला यायचे त्या दिवशी हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो गुपचूप बेडरूममध्ये जायचा. लीलाबाईंना वाटायचं, पाहुण्यांची लहान मुलं हात लावतील म्हणून ठेवतो बिचारा.

खरं काय होतं? लीलाबाईंनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या बागांत मजुरी केली होती. छाटणी, विरळणी, तोडणी. सकाळी बायकांची टोळी टेम्पोत उभी राहून जायची आणि दिवस मावळला की परतायची. नवरा गणपत पाठीवर पंप बांधून द्राक्षांवर औषध फवारायचा. एके दिवशी फवारता फवारता ओळीतच कोसळला आणि गेला. लीलाबाई त्या दिवशी तिसऱ्याच गावी कामाला होत्या. त्यांना कळलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबांनी मिळून इटली ठरवली. डोंगरावरचं जुनं गाव, वाइनसाठी नावाजलेलं, आणि नेमका द्राक्षं तोडायचा हंगाम. निघायच्या आठवडाभर आधी उज्ज्वल आईजवळ येऊन बसला.

"आई, तिथे बागेतल्या कामाचं काही काढू नकोस हं. प्रबोधला जरा वेगळं माहीत आहे."

"काय वेगळं?"

त्याने सांगितलं. जमिनीकडे बघत, घाईघाईने, पण सांगितलं. लीलाबाईंना आधी हसू आलं, मग फोटोचं कोडं सुटलं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पोराचा चेहरा इतका उतरलेला होता की त्या एवढंच म्हणाल्या, "मी आपणहून बोलणार नाही. पण मला बोलायला लावू नकोस."

त्या गावाचं नाव लांबलचक होतं. लीलाबाईंनी ते तोंडात बसवायचा नाद सोडला आणि 'वरचं गाव' म्हणायला लागल्या. गाड्या खालीच ठेवायच्या आणि चढून जायचं. दगडी तटबंदी, कमान, आत एकमेकांना खेटलेली पिवळट दगडाची घरं, आणि रस्ता असा उभा की भावनासारखी चाळिशीची सूनही कमरेवर हात ठेवून थांबत होती. उज्ज्वल म्हणाला, "आई, तू खालच्या कॅफेत बस, गुडघे दुखतील." लीलाबाई त्याच्या पुढून चालायला लागल्या. गुडघे दुखत होतेच. पण ते त्याला कशाला सांगायचं?

वर चौकात पोचल्यावर भावनाने सिंगापुरातल्या खाऊगल्लीच्या सवयीने जागा धरायला एका रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि सगळे घंटेचा मनोरा बघायला गेले. परत येतात तो टेबलावर दोन जर्मन म्हातारे बसलेले आणि पाकीट गायब. वेटरने कचरा समजून टाकून दिलेलं! "मम्मी, इट्स नॉट यिशुन हॉकर सेंटर, लाह," तेरा वर्षांची नात इरा हसून लोळायची बाकी राहिली. तेवढ्यापुरती सगळी मजेत होती.

दुपारी द्राक्षबाग. तटाच्या खाली उतारावर ओळीच ओळी होत्या. बागेची मालकीण साठीची, पांढऱ्या केसांची, मजुरांबरोबर स्वतःही कात्री घेऊन उभी. लीलाबाईंनी पहिल्या वेलीला हात लावला. पान तेच. देठ तोच. बोटांना मधली बारा वर्षं माहीतच नसल्यासारखी ती सरळ देठाशी गेली.

मालकिणीने पाहुण्यांना गंमत म्हणून कात्र्या दिल्या. नीताने घड मुठीत असा आवळला की रस कोपरापर्यंत आला. लीलाबाईंना राहवेना. "अगं, मण्यांना हात नाही लावायचा. देठ धर. अशी." आणि त्यांनी एक घड उतरवला, दुसरा, तिसरा. सडलेले मणी कात्रीच्या टोकाने उडवत, घड फिरवून बघत, क्रेटमध्ये अलगद ठेवत. बघता बघता अर्धी ओळ मोकळी झाली. मालकीण हसत म्हणाली की वाइनसाठी एवढी नजाकत लागत नाही, शेवटी चिरडायचीच आहेत. इराने मराठीत सांगितलं. "मग चिरडताना चिरडा. तोडताना नीट तोडा," लीलाबाई म्हणाल्या आणि क्रेट भरून दिला.

मग पुन्हा वर गावात, मालकिणीच्या घरामागच्या अंगणात वाइन चाखायला. लीलाबाईंनी पंचशील घेतलेलं, दारू वर्ज्य. त्यांच्यापुढे द्राक्षांचा रस आला. मालकिणीने इंग्रजीत कौतुकाने विचारलं, या बाई कुठे शिकल्या हे? तुमची बाग आहे का?

त्या वेळी उज्ज्वलने "आहे" म्हणून विषय संपवला असता तरी लीलाबाई गप्प राहिल्या असत्या. पण दुसरा ग्लास झाला होता, समोर प्रबोध बसला होता, आणि बारा वर्षांची सवय जिभेवर होती. उज्ज्वल उठून उभा राहिला, ग्लास उंचावला आणि म्हणाला, "टू माय फादर. अँड हिज व्हिनयार्ड्स!"

लीलाबाईंना इंग्रजी फारसं येत नसलं तरी 'फादर' कळतं. 'व्हिनयार्ड' तर सकाळपासून शंभर वेळा ऐकला होता. ज्या बागेने गणपतचा जीव घेतला, त्या बागेचा मालक गणपत? त्यांच्या हातातला रसाचा ग्लास टेबलावर जोरात टेकला.

"नो," त्या मालकिणीला म्हणाल्या. "नॉट अवर्स. आय वर्कर. हजबंड वर्कर."

मग प्रबोध-नीताकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बागा आमच्या नव्हत्या. मी रोजंदारीवर होते. ह्याचा बाप औषध मारायचा आणि औषध मारताना मेला. त्याच्या नावाने पेला उचलायचा असेल तर मजूर म्हणून उचला."

मालकिणीला त्यातली आग काही कळली नाही. "गुड वर्कर," असं म्हणून ती पुढची बाटली आणायला आत गेली. भावनाने मान खाली घातली. शेवटी नीता चाचरत म्हणाली, "म्हणजे मावशी... मग तुम्ही गायकवाड म्हणजे... नक्की कुठले?"

गाव तिला बारा वर्षांपासून माहीत होतं.

"बौद्ध," लीलाबाई म्हणाल्या. "हेच विचारायचं होतं ना? मग सरळ विचारायचं, बाई. लाजायचं कशाला? मी लाजते का?"

उतरताना त्या उभ्या रस्त्यावर उज्ज्वल दात आवळून म्हणाला, "झालं समाधान?"

"झालं," लीलाबाई म्हणाल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. पण परत आल्यावर दुसऱ्याच शनिवारी सकाळी लीलाबाईंच्या फोनवर नीताचा फोन आला. आवाज एकदम मऊ, आजाऱ्याशी बोलावा तसा.

"मावशी, बऱ्या आहात ना? अहो, उज्ज्वलने सांगितलं आम्हाला. हल्ली तुमचा गोंधळ होतो म्हणे, कुणाचं कुणाला जोडता. वयच आहे हो. तुम्ही त्या दिवशीचं अजिबात मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरांना दाखवलंत का?"

लीलाबाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मजुरी लपवली, ठीक. जात लपवली, तेही एक वेळ ठीक. भीती असते माणसाला, त्यांना ती कळत होती. पण आपलं खोटं वाचवायला जिवंत आईला वेडी ठरवायची? डोळ्यांत पाणी आलं ते रागाने आलं. "घरी आहात का तुम्ही दोघं?" त्यांनी विचारलं. "थांबा. येते."

उज्ज्वल खाली मार्केटमध्ये गेला होता. लीलाबाईंनी धुवट निळी साडी नेसली, मेट्रोचं कार्ड घेतलं, भावनाला म्हणाल्या, "मी बिशानला जाते. प्रबोधकडे." भावनाने त्यांच्याकडे बघितलं. अडवलं नाही. उलट आतून छत्री आणून हातात दिली.

चार स्टेशनं. बसायला जागा होती, त्या उभ्या राहिल्या.

प्रबोधच्या कॉन्डोत त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. "मला विसर पडतो ना? मग ऐका," म्हणाल्या आणि सुरू झाल्या. टोळीत बायका किती, कुणाच्या कडेवर पोर होतं, मुकादम कुठल्या गावचा, ऑक्टोबरच्या छाटणीला कात्रीने पहिला फोड कुठल्या बोटाला येतो. गणपत गेला तो वार, त्या दिवशी आपण कुठे होतो, घरी आणलं तेव्हा त्याच्या सदऱ्याला कसला वास होता. प्रबोध दोनदा "मावशी, बसा तरी" म्हणाला. नीता तोंडावर हात धरून उभी होती.

"आता त्याला बोलवा," लीलाबाई म्हणाल्या. "मी इथे आहे म्हणून सांगा."

उज्ज्वल टॅक्सीने आला. दारातच थबकला. आईला तसं उभं बघून त्याला सगळं कळलं.

"सांग यांना. मला विसर पडतो?"

"आई, घरी चल. आपण घरी बोलू."

"घरी नाही. जिथे खोटं सांगितलंस तिथे खरं सांग. मी वेडी आहे का?"

"राहू द्या हो मावशी, कळलं आम्हाला," नीता म्हणाली.

"नाही राहू द्यायचं!"

तो बुटांकडे बघायला लागला. मग म्हणाला, "आईला सगळं आठवतं. खोटं मी बोललो. पहिल्या दिवसापासून. बागा आमच्या नव्हत्या." एवढं बोलून तो थांबायला हवा होता. पण एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "बाबांना मी डबा घेऊन गेलो होतो त्या दिवशी. ते ओळीत पडलेले. पंप पाठीवरच. मालक धावत आला आणि ओरडला, आधी पंप काढ, औषध सांडतंय. आणि मी... मी आधी पंप काढला, आई. पट्टे सोडले, पंप नीट उभा करून ठेवला, झाकण लावलं. मग बाबांकडे बघितलं. त्या पोराचं मी कुणाला काय सांगणार होतो? म्हणून मालकाचा पोर झालो."

इतक्या वर्षांत हे लीलाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्या चालत त्याच्यापाशी गेल्या. तो लहान पोरासारखा हुंदके देत होता आणि मान वर करत नव्हता.

"किती वर्षांचा होतास?"

"अकरा."

"अकरा वर्षांचा माझा पोर," त्या प्रबोध आणि नीताकडे वळून ठणकावून म्हणाल्या, "आणि तो माणूस त्याला पंप काढ म्हणाला. लाज त्याची आहे. आमची नाही." मग त्यांनी उज्ज्वलची हनुवटी धरली. "बघ माझ्याकडे. मान वर कर. कर म्हणते ना!"

आणि त्याने केली.