औषधाची वाट

महादेवदाजींना मी एक शब्द बोललो होतो, तो बोलायला नको होता. शैलाक्का गेल्याचा फोन नांदेडहून आला तेव्हा मी लातुरात दुकान उघडत होतो... आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी तो शब्दच आठवला.

अक्का माझी मामेबहीण. नांदेडच्या कोर्टात तिनं आयुष्यभर दिवाणी दावे चालवले, त्यातही जास्त शेतरस्त्याचे. चारी बाजूंनी दुसऱ्याच्या शेतांनी वेढलेली जमीन, गाडी न्यायला जागा नाही, अशी माणसं उमरी-भोकरहून तिच्याकडं यायची. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मूत्रपिंडाचा कर्करोग झाला. त्यावरच्या गोळीचं पेटंट एका परदेशी कंपनीकडं, त्यामुळं दुसऱ्या कुणी ती बनवायची नाही आणि किंमत अशी की घर हादरलं. अक्कानं पेटंटचा कायदा वाचून काढला. औषध लोकांना परवडत नसेल तर सरकार दुसऱ्या कंपनीला ते बनवायचा सक्तीचा परवाना देऊ शकतं, हे तिला सापडलं. पुढं त्याच गोळीसाठी तसा परवाना खरोखर निघाला. स्वस्त गोळ्या घेऊन ती घरी आली, तेव्हा तिचा आवाज फोनवर लहान मुलीसारखा झाला होता.

दाजींनी मला फोनवर विचारलं, "शिवा, तू ह्या धंद्यातला. घेऊ का ह्या गोळ्या?"

मी म्हणालो, "डुप्लिकेट हाय ते, दाजी. जमंल तर असलीच घ्या."

आम्हा घाऊक औषधवाल्यांच्या तोंडी मूळ कंपनीचा नसलेला सगळाच माल 'डुप्लिकेट' असतो. चांगला-वाईट असं काही आमच्या मनात नसतं. घरातल्या माणसाच्या कानात मात्र त्याचा अर्थ एकच, बनावट. दाजींनी नव्या गोळ्या कपाटात कपड्यांखाली सारल्या आणि उरलेल्या जुन्या गोळ्या बायकोला न कळता अर्ध्या करून घेत राहिले. पुरवून पुरवून. अक्काला ती पाकिटं सापडली तेव्हा फार उशीर झाला होता. पूर्ण औषधानं ते किती जगले असते, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तेवढी संधी मात्र त्यांची गेली.

दुसरी कुणी असती तर घरात बसली असती. अक्कानं रुग्णांच्या नातेवाइकांच्या बैठका घ्यायला सुरुवात केली, नांदेडला आणि मधूनमधून आमच्या लातूरजवळच्या मुरुडला. बैठकीत ती दुसऱ्याला बोलू द्यायची नाही, हा तिचा दोष. पण समजावून सांगावं तर तिनंच. एकदा भोकरचे एक म्हातारे घाबरून उठले.

"सक्तीचा म्हणता वकीलबाई, मग आमाला घ्यावंच लागतंय का?"

सगळे हसले. अक्काही हसली. "मामा, सक्ती तुमच्यावर न्हाई, कंपनीवर हाय. शेजाऱ्यानं शेताची वाट अडवली तर तहसीलदार काय करतंय?"

"वाट सोडाया लावतंय."

"मग शेत कुणाचं राहतंय?"

"त्याचंच की."

"तसंच हे. पेटंट कंपनीचंच, वर तिला मोबदला बी. फकस्त वाट सोडायची."

"आन् न्हाई सोडली तर?"

"म्हणून तर सक्ती!"

असा परवाना आपल्या देशात पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या औषधांसाठीचे अर्ज फेटाळले गेले. तसं झालं की अक्का चहा गार होऊ द्यायची, आणि मग म्हणायची, "वाटेचे दावे असेच चालत्यात, शिवा. बाप लावतो, लेक जिंकतो." ज्यांच्या आजाराशी तिचा काही संबंध नव्हता, त्यांच्यासाठीही ती कागद तयार करत राहिली. मी लातुरातून तिला औषधं पाठवत राहिलो. तो शब्द काही सांगितला नाही.

शेवटी नांदेडच्या दवाखान्यात सांगितला. ती उशीला टेकून बसली होती, आवाज खोल गेलेला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर होता, येड्या."

इतकी वर्षं...

"मी त्यांना समजावलं. ते हो म्हणले. मला वाटलं, पटलं. तिथं माझं चुकलं."

"अक्का, मला माफ कर."

"मला नको मागू. मला गोळी काय हाय ते ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक न्हाई, त्यांच्यापुढं बोल. आजबी कुणीतरी तुझ्यासारखं बोलत असंल." मग डोळे मिटून म्हणाली, "आन् घरी जेवून जा."

त्यानंतर आमची भेट झाली नाही.

परवा नांदेडला तिच्या माघारी पहिली बैठक झाली. भाषणाची मला सवय नाही. तरी उठलो. म्हणालो, "मी लातूरचा औषधविक्रेता. चांगल्या औषधाला मी डुप्लिकेट म्हणालो, आणि माझ्या दाजींनी ते घेतलं नाही. ह्याची माफी मी अक्काकडं मागितली, तर तिनं मला तुमच्याकडं धाडलं. दाजी आता ऐकायला नाहीत... तुम्ही ऐका. ते औषध खरं होतं. माझं चुकलं. मला माफ करा."