अंबाड्याची खिडकी

निलंग्यात पारा बेचाळीसवर गेला होता, आणि आम्ही चार बायका पंख्याखाली बसून लोकरीच्या टोप्या घालून बघत होतो. ह्याला येडेपणा म्हणतात, ठाऊक हाय मला. पण दानम्माच्या नादाला लागलं की शहाणपण उंबऱ्याबाहेरच राहतं.

दानम्मा म्हणजे किराणा दुकानवाल्या मडिवाळप्पांची बायको. गल्ल्यावर तीच बसते. साखर तोलून झाली की लगेच हातात क्रोशाची सुई. गिऱ्हाईक उभं असलं तरी "थांब, एवढा खांबाचा टाका पुरा करू दे" म्हणते. तिची टोपी फक्त मैत्रिणींना, विकत कुणालाच नाही. लातूरच्या एका बाईनं दहा टोप्या मागितल्या, तर म्हणाली, "मी तुमाला वळखत न्हाई. मग तुमच्या डोक्याचं कसं विणू?"

टेपानं माप घेणं तिला मंजूर नाही. मैत्रिणीला ओट्यावर बसवायचं, डोक्याला तेल घालायचं, अन् चोळता चोळता बोटांनी माप घ्यायचं. मला म्हणाली, "उज्ज्वले, तुझं डोकं डाव्या अंगानं चपटं हाय." तीस वर्षं संसार झाला, माझ्या नवऱ्यालासुद्धा हे ठाऊक नव्हतं! आणि तिच्या प्रत्येक टोपीला मागं अंबाड्यापुरतं गोल भोक असतं. ती त्याला खिडकी म्हणते. अंबाडा दाबला की बाई दिवसभर चिडचिड करते, हे तिचं शास्त्र.

तर यंदा दानम्मा, मी, विठाबाई अन् महानंदा, चौघी केदारनाथला निघालो होतो. नवरे नाहीत, पोरं नाहीत. आठ वर्षं नुसतं जाऊ जाऊ चाललं होतं. दानम्मानं होळीपासून टोप्या विणायला घेतल्या होत्या. महानंदाची खिडकी सगळ्यात मोठी, कारण तिचा अंबाडा म्हणजे सोललेला नारळच.

मधल्या काळात महानंदाच्या लेकीला सातव्या महिन्यातच बाळ झालं. महिनाभर ते लातूरला काचेच्या पेटीत होतं. महानंदानं तिरुपतीला केसांचा नवस बोलला. बाळ सुखरूप घरी आलं, ती जाऊन नवस फेडून आली. सवाष्ण बाया बहुतेक टोकाचे तीन बोटं केस देतात. आम्हाला वाटलं, हिनंही तेवढेच दिले असतील. टोप्या घालून बघायलाही ती कपाळापर्यंत पदर ओढून बसली होती, तर आम्ही म्हणालो ऊनच तसं हाय.

"पदर काढ अन् घाल बघू," दानम्मा म्हणाली.

"घरी जाऊन घालते की."

दानम्मा ऐकते होय! तिनं पदर मागं सारला अन् टोपी घातलीच. ती सर्रकन नाकावर आली, खिडकी टाळूवर आली, आणि खिडकीतून दिसलं गुळगुळीत टक्कल.

खोटं कशाला सांगू, मी फिस्सकन हसले. थांबताच येईना. महानंदानं टोपी काढून खाली ठेवली. "तुमी जा केदारला. माझं येणं न्हाई व्हायचं," म्हणाली, अन् चपला घालून निघूनच गेली.

दानम्मानं डोळे वटारून बघितलं माझ्याकडं. "लेकराच्या जिवासाठी सगळं डोकं देऊन आली ती, आन् तू दात काढून राहिलीस? बस हितं. उसव ती टोपी." मी मुकाट्यानं उसवत बसले. लई लाज वाटली. शेवटी तीच म्हणाली, "माझीबी चूक हाय. मी डोक्याचं माप घेतलंच न्हाई, केसांचं घेतलं."

संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन आम्ही महानंदाच्या घरी गेलो. दानम्मानं तिला खाली बसवलं अन् त्या बोडक्या डोक्यावर तेल चोळायला लागली. महानंदा आधी रडली, मग डोळे मिटून म्हणाली, "लई गार वाटतंय गं." मी म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "तुझं डोकंच चपटं, तू काय करशील!" जीव भांड्यात पडला माझा. पण येते म्हणून काही म्हणाली नाही. "रेल्वेत पदर उडाला तर? लोकं काय म्हणतील?" एवढंच.

तीन दिवसांत नवी टोपी झाली, डोक्याला घट्ट बसणारी. खिडकी ठेवली, पण तिच्यावर एक झाकण विणून बटण लावलं. "केस वाढले की उघडशील," असा निरोप देऊन विठाबाईच्या हाती पाठवली. उत्तर आलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला लातूरची एसटी लागली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "मावशी, किती तिकिटं?" दानम्माची नजर स्टँडच्या फाटकाकडं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

तेवढ्यात फाटकातून महानंदा आली, खांद्याला पिशवी, पदर खांद्यावर, अन् त्या उकाड्यात डोक्यावर टोपी! धापा टाकत चढली, पिशवी वर ठेवायला वळली, तर मागचं बटण उघडंच. खिडकीतून काळेभोर खुंट डोकावत होते.

"अगं, बटण लाव की," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. सकाळी आरशात बघितलं, उगवून राहिलेत. दिसू दे लोकान्ला, माझ्या नातवासाठी काय दिलंय ते."

दानम्मानं त्या खिडकीवर तळहात ठेवला. डोळ्यांतून पाणी, अन् तोंडानं हसणं.

"मावशी, किती?" कंडक्टर वैतागला.

"चार!" दानम्मा असं ओरडली की सगळा स्टँड वळून बघायला लागला.