प्रदर्शनाईची हळद

मे महिन्यात शहाण्या माणसानं पंखा सोडू नये. पण एका वर्षी आमच्या गावाला शहाणपणाचा कंटाळा आला आणि उन्हाळी कला महोत्सव भरवायचं ठरलं. का, तर शिर्डीहून शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या सोनईच्या अलीकडं आमच्या फाट्यावरून धूळ उडवत निघून जातात. त्यातल्या निम्म्या जरी आत वळल्या तरी गावाचं भलं होईल, असं सरपंचांचं म्हणणं. मी शाळेत चित्रकला शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, म्हणजे गावाच्या दृष्टीनं रिकामटेकडी. त्यामुळे प्रदर्शनाचं झेंगट माझ्या गळ्यात आलं.

संध्याकाळी पोरांची गाणी आणि भारूड, सकाळी रांगोळी आणि मातीकाम, आणि दिवसभर शाळेच्या हॉलमध्ये 'गावाचे वस्तुसंग्रहालय'. घरातल्या जुन्या वस्तू आणून द्या, असं मी दवंडी पिटल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. एकानं बंद पडलेला टीव्ही आणला. जुनाच आहे की, म्हणाला. दुसऱ्यानं वडिलांची कवळी आणली. तासाभरात वडील स्वतःच ती परत न्यायला आले, कारण त्यांना जेवायचं होतं. एक म्हातारेबाबा तर काहीच न आणता नुसते येऊन कूलरसमोर बसले ते उठेचनात. लोक त्यांच्यासमोर थांबायचे, निरखून बघायचे आणि पुढं जायचे. कुणीतरी पितळी तांब्यापुढची माहितीची पाटी सरकवून त्यांच्या पायाशी ठेवली होती. बाबांनी ती वाचली आणि 'असू द्या' म्हणाले.

खरी बघण्यासारखी वस्तू एकच होती, आमच्या घरचं जातं. काळ्या दगडाचं, दोन माणसांनी उचलावं असं. ते माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे असायचं. मी त्यांना अक्का म्हणते. आमची घरं शेजारी शेजारी, भांडणंही शेजारच्या शेजारी. अक्का स्वभावानं मिरची. नवरा गेल्यावर ऊस, गाई आणि एकुलती एक पोरगी असं सगळं तिनं एकटीनं ओढलं, आणि त्या ओढण्यात जिभेला धार आली.

"नेते तर ने," अक्का म्हणाली, "पन पोरीच्या हळदीच्या आदी परत पायजे. न्हाईतर तुझ्या डोक्यावर मिक्सर फोडीन."

पोरीचं लग्न महोत्सव संपला की लगेच होतं. आमच्याकडे लग्नाची हळद जात्यावर दळतात. पाच सवाष्णी जात्याच्या खुंट्याला आंब्याचं पान बांधतात, त्याची पूजा करतात, हळकुंडं दळतात आणि तीच हळद नवरीला लावतात. नवरा गेलेल्या बाईनं त्याला हात लावायचा नाही. मग ती नवरीची सख्खी आई का असेना.

हा कायदा आमच्या घरात सांभाळत होत्या आत्याबाई, म्हणजे आमच्या नवऱ्यांची आत्या. लग्न कुणाचंही असो, त्या दोन दिवस आधी पिशवी घेऊन हजर व्हायच्या आणि कोण पुढं, कोण मागं ते ठरवायच्या. पाच सवाष्णींत त्यांनी माझं नाव घातलं होतं. अक्काला चुलीमागचं काम दिलं होतं.

पोरगी भडकली होती. "आईनं लावली तरच मी हळद लावून घेणार," असं तिनं सांगून टाकलं. आणि तिला गप्प कुणी केलं? आत्याबाईंनी नाही, अक्कानंच. "तुझ्या संसारावर माझी सावली नको गं बाई," म्हणाली. जगाला शिंगावर घेणारी ही बाई, पण एवढ्या एका गोष्टीला भीत होती. मला मात्र जातं उचलून देताना हळूच म्हणाली, "हात न्हाई लागला तर न्हाई. जातं तरी माजं असू दे. त्याच्यावर माज्या हाताचे घट्टे हायेत." मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

तर उद्‌घाटन. पाहुणे म्हणून सरपंच. फीत कापून झाली, आता नारळ फोडायचा. सरपंचांनी नारळ डोक्यावर नेला आणि मुख्याध्यापक ओरडले, "फरशीवर नको! नवी आहे!" सरपंचांचा हात वरच राहिला. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. अख्ख्या हॉलमध्ये दगड म्हणावा असा एकच. त्यांनी दोन पावलं टाकली आणि धाडकन आमच्या जात्यावर नारळ फोडला.

झालं! ज्या दगडावर नारळ फुटला तो आमच्याकडे नुसता दगड राहत नाही. पाणी ओघळतंय तोवर एका बाईनं सवयीनं कुंकू लावलं. तिनं लावलं म्हणून दुसरीनं लावलं. संध्याकाळी उदबत्ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या दाराबाहेर चपलांचा ढीग बघून मी म्हटलं, हे काय? आत बघते तर जात्याला हिरवं लुगडं नेसवलेलं, जात्याच्या तोंडात तांदूळ, आणि मी सुंदर अक्षरात लिहिलेल्या 'जाते : धान्य दळण्याचे साधन' या पाटीला झेंडूचा हार.

"अहो, हे जातं आहे!" मी ओरडले.

"व्हय व्हय," एक बाई हात जोडून म्हणाली, "जात्याच्या रूपात आलीय."

तिसऱ्या दिवसापर्यंत तिला नाव पडलं, प्रदर्शनाई. शेजारच्या गावचे लोक टेम्पो भरून आले. ज्या गाड्यांसाठी सगळा खटाटोप केला त्यातली एक खरंच फाट्यावरून आत वळली. सुरतेची माणसं होती. त्यांना आधी फक्त संडास कुठं आहे ते विचारायचं होतं, पण जाताना तेही पाया पडून गेले. रांगोळीकडे कुणी ढुंकून बघेना. बंद टीव्हीला मात्र लोक जाता जाता हात लावून कपाळाला लावायचे, न जाणो. कूलरसमोरच्या बाबांना पुजारी समजून दक्षिणा मिळायला लागली आणि बाबांनी तीही 'असू द्या' म्हणून घेतली.

सरपंच खूश! त्यांनी महोत्सव आठ दिवस वाढवला. मी मात्र बोटांवर दिवस मोजत बसले, कारण त्या आठ दिवसांत पोरीची हळद येत होती.

हळदीच्या दिवशी सकाळी मी दोन गडी घेऊन शाळेत गेले. म्हटलं, उचला. गडी वाकले आणि लोकांनी एकच गलका केला. देवीला अशी हलवायची असते का? कौल लावा! आमच्याकडे देवाला काही विचारायचं असलं तर मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पाकळ्या चिकटवल्या, सगळे श्वास रोखून उभे. तेवढ्यात बाबांना उकडलं म्हणून त्यांनी कूलर जरा आपल्याकडे फिरवला. त्या झोतानं डावी पाकळी उडून थेट मुख्याध्यापकांच्या चष्म्यावर बसली.

"न्हाई म्हनली!" लोक ओरडले. "बाईला हितंच ऱ्हायचंय."

मी कपाळाला हात लावला आणि घरी येऊन सगळं सांगितलं. अक्का ऐकत होती. तिच्या नाकपुड्या फुगल्या. मला वाटलं, आता मिक्सर येतो डोक्यात. पण ती म्हणाली, "जातं येत न्हाई व्हय? मग आमी जातो."

आणि खरंच आमच्या घरची हळद प्रदर्शन बघायला निघाली. पुढं आत्याबाई, मागं आम्ही पाच सवाष्णी, हातात आंब्याची पानं आणि कुटलेल्या हळकुंडांचं सूप. त्यामागं नवरी, मोबाईलवर कुणाला तरी 'आम्ही म्युझियममध्ये आहोत' असं सांगत. आणि सगळ्यांत शेवटी, दहा पावलं अंतर राखून, अक्का.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही गर्दीतून जात्यापाशी पोचलो आणि तिथंच आमचं घोडं अडलं. देवीच्या तोंडात हळकुंडं घालायची कुणी? तिच्या डोक्यावर खुंटा ठोकून तिला गरागरा फिरवायची कुणी? एक सवाष्ण म्हणाली, माझं पोर लहान आहे. दुसरी म्हणाली, मला कालच पडसं झालंय. मी पुढं होणार होते, खोटं कशाला सांगू, पण एवढ्या लोकांचे डोळे माझ्यावर आल्यावर मीही सूप छातीशी धरून तिथंच उभी राहिले. आत्याबाईंनी तर सरळ मागं सरून पदर तोंडाला लावला. "कोप झाला तर? नको गं बायांनो. बाजारातली आनू हळद, पाकिटातली."

पाकिटातली हळद! हा शब्द अक्काच्या कानावर गेला आणि मागची गर्दी फाटली.

"बाजूला व्हा!" ती आली. तिनं आधी लुगडं ओढून काढलं, मग पदरानं कुंकू पुसलं, नारळ एकेक करून बाजूला फेकले. एक बाबांच्या मांडीत गेला. "अरे, जातं हाय हे! मी बाजरी दळलीय ह्याच्यावर! पोटुशी असताना दळलीय, ताप आलेला असताना दळलीय! देवी म्हनं!" तिनं माझ्या हातातलं सूप हिसकलं, खुंटा बसवला, पाय पसरून फतकल मारली आणि फिरवायला लागली. घरघर सुरू झाली. केस सुटले, चेहरा लालबुंद, आणि तिच्या तोंडून कित्येक वर्षांत कुणी न ऐकलेली ओवी आली. त्या ओवीत तिनं आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. पोरीचं लग्न ठरल्यापासून आमच्या घरात कुणी ते उच्चारलं नव्हतं.

कुणीतरी किंचाळलं, "अंगात आलं! बाईच्या अंगात आलं!"

सगळा हॉल गुडघ्यांवर. सरपंचसुद्धा. एक शेतकरी हात जोडून म्हणाला, "आई, पाऊस कवा व्हईल?"

"मला काय इचारतो!" अक्का दळता दळता खेकसली. "बाहेर चपला कशा टाकल्यात त्या आदी नीट लाव!"

तो खरंच उठून चपला लावायला गेला. त्याच्यामागं आणखी चौघे गेले. मुख्याध्यापकांनी चाचरत विचारलं, "आई, नव्या फरशीला तडे जातील काय?" त्यावर अक्कानं त्यांच्याकडे असं बघितलं, की ते भिंतीला चिकटले.

मला तेव्हा तिचे डोळे दिसले. अष्टमीला घागरी फुंकताना अंगात आलेल्या बाईचे डोळे मी पाहिलेत, ते वेगळे असतात. हे चांगले शुद्धीवर होते. स्वयंपाकाला पंचवीस माणसं आणि मधेच गॅस संपला, की अक्काचे डोळे असेच होतात.

आणि आत्याबाई? त्या उभ्याच होत्या, तोंड उघडं टाकून. रांडपण आलेली सून भर गर्दीत लग्नाची हळद दळत होती. त्या काहीतरी बोलणार, तेवढ्यात शेजारच्या बाईनं त्यांचा पदर ओढला. "खाली बसा की, देवी हाय!" आत्याबाई बसल्या. मग वाकल्या. मग त्यांचं कपाळ त्या नव्या फरशीला टेकलं.

"आई," त्या खालूनच म्हणाल्या, "आमचं काई चुकलं का?"

घरघर थांबली नाही. "चुकलं," अक्का म्हणाली.

"मंग... नवरीला पयली हळद कुनी लावायची?"

आता मात्र जातं थांबलं. अक्कानं आपल्या हातांकडे बघितलं, मनगटापर्यंत पिवळे झालेले. मग दारापाशी उभ्या पोरीकडे बघितलं. पोरीनं मोबाईल कधीच खाली केला होता. भीती कुठं लपते ते मला तेव्हा अक्काच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ती कशी निघून जाते तेही.

"जिनं दळली तिनं," अक्का म्हणाली.

आम्ही हळद घेऊन निघालो. जातं तिथंच राहिलं, लोकांनी त्याला पुन्हा लुगडं नेसवलं होतं आणि आता आम्हालाच त्याची गरज नव्हती. येताना अक्का सगळ्यांच्या पुढं होती. आत्याबाई मागून तिच्यावर छत्री धरून चालल्या होत्या. मी अक्काच्या जवळ गेले आणि कुजबुजले, "खरंच आलं होतं का हो अंगात?"

"आलं हुतं."

"कोण?"

"मी," अक्का म्हणाली आणि सूप दुसऱ्या हातात घेतलं.

घरी पाट मांडला, पोरगी बसली. आत्याबाईंनी स्वतः सगळ्यांना मागं सारून अक्काला वाट करून दिली. अक्कानं वाटीत हळद कालवली आणि लेकीच्या गालाला लावली. हळद घाईत दळलेली, भरड राहिली होती.

"आई, टोचतंय गं," पोरगी म्हणाली. तिचे डोळे गच्च भरले होते.

"टोचू दे," अक्का म्हणाली आणि दुसऱ्या गालाला लावली.